मंगळोबाची मिशी

आमच्या मूळपुरुषाला मिशी होती. चांगली झुपकेदार, दोन्ही टोकं वर वळवलेली. दर वर्षी सुगीच्या तोंडाला काका एरंडेलात काजळ खलायचा आणि बोटाने ती दगडावर नव्याने काढायचा. मूळपुरुष म्हणजे दगडच होता. आमच्या माळाच्या रानात वरच्या कोपऱ्याला एक बाभळ होती, तिच्याखाली गुडघ्याएवढा उभा दगड. पिढ्यान्‌पिढ्या शेंदूर फासून त्याला डोकं आणि खांदे आल्यासारखे दिसायचे. तो आमचा मंगळोबा. दर मंगळवारी त्याला भाकरी आणि कोरड्यास जायचं, वर्षातून एकदा पुरणपोळी. करायचं बायकांनी, न्यायचं पुरुषांनी. बाईमाणसाने बाभळीच्या सावलीत पाऊल टाकायचं नाही, कारण मंगळोबाला बाईचा विटाळ सोसत नाही, असं आम्हाला बोलता यायला लागल्यापासून शिकवलं होतं.

निपाणीहून चिकोडीकडे जाताना आमचं गाव लागतं. गावातलं सगळ्यात जुनं घराणं आपलंच, हे आमच्यातला प्रत्येक पुरुष मिसरूड फुटायच्या आधीच सांगायला शिकायचा. काका तर लग्नकार्यात पंगत उठली की पान जमवत बसायचा आणि सुरू करायचा. मंगळोबा वरून आला, साताऱ्याच्या अंगाकडून, घोड्यावर बसून. इथे तेव्हा सगळीकडे कानडी गौडांचा अंमल. मंगळोबाने गौडांना तलवारीच्या बळावर हरवलं आणि माळ ताब्यात घेतला. व्याही मंडळी माना डोलवायची. कुणी पुरावा विचारला, तर काका म्हणायचा, हेळव्याला विचारा.

हेळवी ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. हेळवी बैलावर बसून येतो. मांडीवर घोंगडं, बैलाच्या गळ्यात घंटा. एकेका घराच्या पिढ्यांची नावं त्याला तोंडपाठ असतात, बापाने मुलाला, मुलाने त्याच्या मुलाला शिकवलेली. आमचा हेळवी कानडी मुलखातला, काही वर्षांनी एकदा, सुगी उरकली की यायचा. सोप्यापुढे बैल उभा करायचा आणि वरूनच, डोळे मिटून, आमच्या सगळ्या पिढ्या एका दमात म्हणायचा. मग जोंधळे, धोतरजोडी, एखादं पितळेचं भांडं घेऊन पुढच्या गावाला जायचा. ऐकायला सोप्यावर पुरुष बसायचे. बायका आत त्याच्यासाठी रांधायच्या, भाकरीच्या थापांमधून जेवढं ऐकू येईल तेवढं आमचं.

तो म्हणायचा कानडीत. सुरुवात ठरलेली होती. "गौडन मगळु. मगळ मग अमका. अमकन मग तमका." अमका, तमका मी घातलं, तिथे आमच्या पुरुषांची नावं यायची, थेट आज्जापर्यंत.

हे आमच्यातल्या पुरुषांनी कसं ऐकलं ते बघा. मग म्हणजे मराठीत नंतर. म्हणजे आधी अमका, मग तमका, मग त्याच्या पुढचा. सरळ अर्थ लागला. नावामागचा 'न' म्हणजे हेळव्याचा हेल. राहिला पहिल्या 'मग'च्या आधीचा शब्द, मगळ. ते झालं मूळपुरुषाचं नाव. मगळचा झाला मगळोबा, आणि नैवेद्य मंगळवारचा, म्हणून पुढे मंगळोबा. हेळवी अनुस्वार लावत नाही, कारण त्याची जीभ कानडी, असं आप्पा, माझे वडील, सांगायचे. आणि 'गौडन' म्हणजे गौडांना. गौडांना काय केलं? हरवलं, आणखी काय करणार. अशी तलवार आली, मागोमाग घोडा आला, आणि सगळ्यात शेवटी मिशी आली.

मी या लिखाणात कुणाचंही नाव घालणार नाही. पुरुषांची नावं हेळव्याच्या तोंडी सुखरूप आहेत, त्यांना माझ्याकडे आणखी एक जागा कशाला. आणि जिच्यासाठी मी हे लिहिते आहे तिचं माहेरचं नाव लग्नात बदललं, सासरचं नाव नवऱ्याबरोबर गेलं, आणि ती परत आली तेव्हा कुणालाच कुठलंही नाव घ्यायची गरज वाटली नाही. ती नुसती आक्का होती.

आक्का म्हणजे आप्पांची, माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिला चिकोडीच्या पलीकडे दिली होती, जिथे चुलीपासून देवापर्यंत सगळा कारभार कानडीत. नवरा तापाने गेला. मूल नव्हतं. सासरच्यांनी तिला गाडीत घालून आणून सोडली आणि पाणी पिऊन परत गेले. मी तेव्हा पाळण्यात होते. मला आठवते ती आक्का उंच, सावळी, कासोटा घालून बांधावर उभी असलेली. ती हसायची मोठ्याने आणि रागावायची हळू आवाजात. मला कानडी तिने शिकवलं, शेंगा निवडता निवडता, लाडूच्या लालचीने.

आज्जाने, म्हणजे तिच्या बापाने, तिला माळाचं रान कसायला दिलं. भावकीला बोलावून सांगितलं की आक्का जिवंत आहे तोवर ती हे रान कसेल आणि खाईल, कुणी मध्ये यायचं नाही. भावकीने तेव्हा कुरकुर केली नाही, कारण ते रान कुणालाच नको होतं. पळसाचे बुंधे, हातभर खणलं की खडक, आणि कोपऱ्यात मंगळोबाची अडचण. आक्काने बुंधे काढले, वेचलेल्या दगडांचे बांध, ताली घातल्या, घरामागच्या परड्यातलं खत डोक्यावरून वाहून नेलं. नांगरट तेवढी दुसऱ्याकडून करून घ्यायची आणि त्याच्या बदल्यात त्याच्या रानात भांगलायला, तण काढायला, जायची. बाभळीखालचा कोपरा तिने कधी शिवला नाही. दुरून हात जोडायची. देव देव म्हणून ज्याच्यापुढे हात जोडले, त्याच्याच नावाने तिला हाकललं, हे मला आजही गिळता येत नाही.

आज्जा गेला आणि त्याच सुमाराला तंबाखू आली. निपाणीच्या पेठेत वखारी उभ्या राहिल्या, विडीच्या तंबाखूला दूरदूरचे व्यापारी येऊ लागले, आणि असल्या पाणी न धरणाऱ्या रानात तंबाखू चांगली उतरते हे सगळ्यांना कळलं. आक्काने ज्वारीबरोबर चार ओळी लावून बघितल्या. पानं हाताएवढी झाली. ती पानं बघून काकाला एकाएकी देव आठवला.

आधी बाईने बाभळीच्या सावलीत जायचं नव्हतं. मग सावली नको, पहिल्या ताली​पर्यंत नको झालं. त्या पावसाळ्यात काकाचा बैल बसला तो उठलाच नाही, तेव्हा सगळं रानच नको झालं. मंगळोबाचा कोप आहे, काका दारोदार सांगत सुटला, देवाच्या रानात बाई राबतेय, तीही पांढऱ्या कपाळाची. माझे आप्पा असं बोलणारे नव्हते. ते गप्प राहायचे, आणि त्यांच्या गप्प राहण्याने काकाचं काम व्हायचं. माणूस ओरडून जेवढं वाईट करतो त्याहून जास्त ते सुपारी कातरत करायचे.

शेवटी एका संध्याकाळी त्यांनी आक्काला सोप्यावर बोलावलं आणि सांगितलं, पाडव्याला रान सोड. तुला जेवायला घालू, लुगडं घेऊ, आणखी काय पाहिजे. आक्का म्हणाली, बाने दिलंय. आप्पा म्हणाले, बाने दिलं, पण मंगळोबा बाच्याही आधीचा, त्याच्यापुढे बाचा शब्द चालत नाही. आक्का हलेना. तेव्हा आप्पांना वाटलं की एकदाचा निकाल लावून टाकावा. ते म्हणाले, "हेळवी यायचा हाय ह्या सुगीत. भावकीम्होरं त्याच्या तोंडनं ऐक, रान कुणाचं त्ये. मग तरी पटंल न्हवं?"

आक्काने विचार केला आणि म्हणाली, बरं, येऊ दे. माझी आई मला आत घेऊन म्हणाली, तुझं लग्न व्हायचंय, तू यात तोंड घालू नकोस. मी तेरा-चौदा वर्षांची होते, आणि मला आक्काची काळजी लागून राहिली होती. ते रान गेलं तर आक्का या घरात नुसती वाढपी होणार हे मलाही दिसत होतं.

हेळवी आला तेव्हा आमच्या सोप्यावर भावकीतले म्हातारे फेटे बांधून बसले होते. आक्का आतून आली आणि खांबाला टेकून उभी राहिली. इतक्या वर्षांत ती हेळव्यापुढे पहिल्यांदाच उभी होती. पूर्वी तो यायचा तेव्हा विधवा म्हणून तिला परड्याच्या दाराने रानात धाडायचे. काका तिच्याकडे बघून खाकरला, पण निकाल तिच्यासाठीच लावायचा होता, त्यामुळे हाकलणार कसं. मी तिच्या मागे उभी राहिले. आईने दोनदा पदर ओढला, मी गेले नाही.

हेळव्याने डोळे मिटले आणि सुरू केलं. गौडन मगळु. मगळ मग अमका. तो पुढची दोन-तीन नावं बोलून गेला असेल, तेवढ्यात आक्काने हात वर केला. तिने कानडीत विचारलं, जरा थांबा, मगळ म्हणजे कोण?

हेळव्याने डोळे उघडले. त्याला प्रश्नच समजेना. मग त्याने सगळ्यांना कळावं म्हणून मराठीत सांगितलं. "मगळ म्हंजे मगळच की आक्का. लेक. गौडाची लेक."

आक्काने विचारलं, आणि मग म्हणजे? हेळवी म्हणाला, मग म्हणजे मुलगा. लेकीचा मुलगा अमका, अमक्याचा मुलगा तमका. दर वेळी तेच तर सांगतो. आक्का म्हणाली, तिची गोष्ट येत असेल तर सांगा. हेळवी खूश झाला. आमच्या दारात त्याला आजवर कुणी गोष्ट विचारलीच नव्हती, सगळ्यांना नावांची घाई. तो सांगू लागला.

"गौडाला ल्योक न्हवता. एकच लेक. न्हवऱ्यानं टाकली, तवा कडंवर पोर घिऊन आली. बापानं ह्यो माळ तिला दिला. तिनं पळस उपाटलं, हीर पाडली, जित्ती हुती तवर कसून खाल्लं. तिच्या पोराची तुमी समदी."

जिवंत होती तोवर कसून खाल्लं. आज्जाचेच शब्द. आज्जाला हे ठाऊक होतं का, मला कधीच कळलं नाही. असेल तर त्याने मोठ्याने का सांगितलं नाही, याचाही मला राग आहे.

काका उठला आणि हेळव्यावर धावला. तुझी जीभ चुकते, म्हणाला, मंगळोबा म्हणायला येत नाही तुला. हेळवी बैलावरूनच म्हणाला, धनी, माझ्या आज्जाने शिकवलं तसं म्हणतो, मंगळोबा कोण ते मला ठाऊक नाही. तेव्हा आक्का आप्पांकडे वळली. तिचा आवाज नेहमीसारखाच खाली आला होता.

"आप्पा, चिकोडीच्या बाजारात मगळ म्हंजे लेक, आणि आपल्या सोप्यावर मगळ म्हंजे मिशीवाला बाप्या. असं कसं रं?"

हे वाक्य कुठे लागलं ते मला माहीत होतं. चिकोडीच्या बाजारात आप्पांचे एक जैन शेतकरी स्नेही होते, बैलांच्या व्यवहारात जुळलेले. मागच्याच पावसाळ्यात ते आमच्याकडे उतरले होते आणि आप्पांनी जेवताना त्यांना कानडीत विचारलं होतं की मगळचं लग्न कुठे ठरलं. मगळ हाच शब्द. मी वाढत होते, मी ऐकला. आप्पांना कानडी येत होतं, काकाला येत होतं, सोप्यावरच्या एकूण एक फेट्याला येत होतं. मिरची विकायला, म्हैस घ्यायला, कचेरीत कारकुनापुढे हात चोळायला त्यांना कानडी यायचं. हेळवी अंगणात आला की मात्र ते सगळे ठार मराठी व्हायचे. माणसाची ऐकण्यात चूक होते, हे मला मान्य आहे. पण इतक्या पिढ्या, इतक्या कानांची एकच चूक, आणि तीही नेमकी स्वतःच्या सोयीची, याला मी चूक म्हणत नाही. त्यांना ऐकायचं नव्हतं. एका बाईच्या पोटी आपण आलो, तिच्या बापाने प्रेमाने दिलेल्या माळावर जगलो, आणि ती कानडी बोलत होती, एवढं साधं ऐकण्यापेक्षा त्यांना घोडा आणि तलवार बरी वाटली.

भावकीतला सगळ्यात म्हातारा उठला आणि हेळव्याला त्याचे जोंधळे घालून वाटेला लावा म्हणाला. नावं अर्धीच राहिली. मला वाटलं, आक्का जिंकली. मी आत जाऊन आईला तसं सांगितलंही. देवच बाई निघाला, आता बाईचा विटाळ कुणाला होणार. आई पीठ मळत राहिली. तिला या घरात माझ्यापेक्षा जास्त वर्षं झाली होती.

पुढच्या मंगळवारी नैवेद्य गेला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. इतक्या पिढ्यांचा कोपिष्ट देव, बैल मारणारा, कूस बांधणारा, तो बाई आहे म्हटल्यावर कुणालाच त्याची भीती उरली नाही. मग एक दिवस काकाने दगडाला दोर बांधला, बैल जुंपले, आणि मूळपुरुष उपटून विहिरीवर नेऊन आडवा टाकला. तीच विहीर, त्याच रानाच्या कडेची, गौडाच्या लेकीनेच पाडलेली. काका म्हणाला, बायकांना धुणं आपटायला बरा दगड नव्हता, झाला.

आक्का त्या संध्याकाळी पुन्हा सोप्यावर गेली. देव नाही, तर देवाची आडकाठीही नाही, तिने आप्पांना सांगितलं. आप्पांनी सुपारी कातरून तोंडात टाकली आणि मग उत्तर दिलं. इतकं शांत उत्तर मी आयुष्यात ऐकलं नाही.

"देवाचं हुतं तवर येगळं हुतं. आता त्ये साधं रान. साधं रान वाटणीत जातंय, आणि वाटणी भावाभावात."

म्हणजे पुरुषाचं होतं म्हणून बाईने जायचं नाही, आणि बाईचं निघालं म्हणून ते पुरुषांना वाटून घ्यायचं. मी कोपऱ्यात उभी राहून हे डोक्यात बसवायचा प्रयत्न करत होते. पुढे संसार झाला, मुलं झाली, बऱ्यावाईट पुष्कळ गोष्टी समजल्या. ही अजून बसलेली नाही. बसूही नये.

पाडव्याला आक्का रानात गेली, बांधावरच्या पळसाच्या फांदीला अडकवलेला आपला विळा काढून घेतला आणि घरी आली. रडली नाही. दुसऱ्या दिवशी मला हाक मारून विहिरीवर नेलं. नारळाची शेंडी आणि राख घेऊन ती दगडापाशी बसली आणि मिशी घासू लागली. एरंडेलाचं काजळ वर्षानुवर्षं मुरलेलं, लवकर निघेना. शेंदराच्या खपल्या निघाल्या, त्याखाली आणखी शेंदूर निघाला, शेवटी दगड लागला. मला वाटत होतं की खाली काहीतरी कोरलेलं असेल, बांगडी, कडेवरचं मूल, काहीतरी. काही नव्हतं. साधा काळा दगड होता. आक्काने त्याच्यावर पाणी ओतलं आणि हसली, नेहमीसारखी मोठ्याने नाही.

"मिशी हुती तवर पुरणपोळी खात हुती बिचारी. आता धुणं खाईल."

तिने स्वतःचं लुगडं कधी त्या दगडावर आपटलं नाही. ओढ्यावर न्यायची, ओढा आटला की बादलीत धुवायची. बाकीच्या बायका दगडावर धुवायच्या, माझी आईसुद्धा. आईला मी काही म्हणू शकत नव्हते.

आणि ऐका. माळाचं रान वाटणीत काकाकडे गेलं आणि पुढच्या हंगामात त्यात सगळी तंबाखू लावली. तंबाखूला हात लागतात, शेंडे खुडायला, पानांच्या बगलेतले फुटवे, बगलफुटी काढायला, पानं तोडायला, आणि ते हात बायकांचे. काकाने गावातल्या बायका मजुरीने लावल्या. सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्याच रानात, त्याच बाभळीखाली ओळीने बायका. आता कुणाला विटाळ नव्हता. त्या ओळीत आक्काही होती. घरात बसून भाकरी खायची तिला लाज वाटायची, म्हणून ती आपण होऊन जायची, आणि काका तिला इतर बायकांबरोबर बांधावरच्या पळसाच्या सावलीला जेवायला बसवायचा. तंबाखूच्या चिकाने तिचे हात काळे पडले ते शेवटपर्यंत तसेच राहिले. माझं लग्न झालं, मी सांबऱ्याकडे सासरी गेले, अधूनमधून यायची तेव्हा ती मला काळ्या हातांनी गोंजारायची. माझं डोकं भडकायचं. तीच मला म्हणायची, जाऊ दे गं. मी जाऊ दिलेलं नाही.

आक्का गेली ती पावसाळ्यात. घरातून मला निरोप आला तेव्हा सगळं उरकलं होतं.

देश स्वतंत्र झाला त्या वर्षी सुगीला मी माहेरी होते. शाळेपुढे झेंडा लागून काही महिने झाले होते आणि काका अजून त्या दिवशीची टोपी घालून फिरत होता. आमच्या घराण्याच्या रक्तातच लढाई आहे, तो लोकांना सांगायचा, मूळपुरुषाने गौडांना हरवलं ते काय उगाच. दगड विहिरीवर धुणं खात होता, आणि मिशी काकाच्या तोंडात पुन्हा उगवली होती.

त्याच दिवसांत हेळवी आला. म्हातारा झाला होता, बैल बदलला होता. सोप्यावर आप्पा होते, त्यांना आता नीट दिसत नव्हतं. मी सोप्याच्या दारात उभी राहिले. हेळव्याने डोळे मिटले आणि थेट पहिल्या पुरुषाच्या नावापासून सुरुवात केली. गौडन मगळु नाही, मगळ मग नाही. नाव, त्याचा मुलगा, त्याचा मुलगा, अशी सरळ उतरंड. मला आधी वाटलं की म्हातारपणाने विसरला. आप्पांकडे बघितलं तर ते आरामात मान हलवत होते. तेव्हा कळलं, ठरवून झालेलं आहे.

मी तिथूनच विचारलं, "पयल्याच्या आधी कोण? त्यो कुणाचा मग?"

हेळवी थांबला आणि आप्पांकडे बघू लागला. आप्पा माझ्याकडे न बघता म्हणाले, आत जा. काका म्हणाला, सासरी हेच शिकवतात काय. हेळव्याने राहिलेली नावं गडबडीने संपवली, काकाच्या मुलांपर्यंत आणली, जोंधळे बांधून घेतले.

मी आत गेले, आणि परड्याच्या दाराने बाहेर पडले, आक्काला जिथून रानात धाडायचे त्याच दाराने. गल्लीच्या वळणावर हेळवी आला तशी मी बैलाचा कासरा धरला. तो घाबरला. मलाही आक्काच म्हणत आपण होऊन सांगू लागला की ती ओळ माझ्या तोंडात आहे, मी विसरलो नाही, पण तुमच्या अंगणात म्हणायची बंदी घातली आहे धन्यांनी. मी म्हटलं, अंगणात म्हणू नका, माझ्याबरोबर चला. आणि बैल ओढत विहिरीवर नेला.

विहिरीवर दोघीतिघी धुणं धूत होत्या. माळाच्या रानात तंबाखूची तोडणी चालू होती, बायका ओळीने वाकलेल्या. मी कासरा दगडापाशी धरून ठेवला आणि हेळव्याला म्हटलं, आता म्हणा, पहिल्यापासून, मोठ्याने. त्याने इकडेतिकडे बघितलं. मग डोळे मिटले. गौडन मगळु. मगळ मग अमका. घंटा वाजत होती, कारण बैल माश्यांना मान हलवत होता. रानातल्या बायका कंबर सरळ करून उभ्या राहिल्या. त्यांच्यातल्या बऱ्याच कानडी बोलणाऱ्या होत्या. मगळु म्हणजे काय ते त्यांना कुणी सांगावं लागलं नाही.

आज्जाच्या नावापाशी आल्यावर मी त्याला अडवलं. म्हटलं, याच्यापुढे आप्पा आणि काका नकोत. याची मगळ म्हणा. हेळवी घोटाळला. त्याच्या बापाने, आज्जाने असं कधी म्हटलं नव्हतं. तो म्हणाला, लेक शेवटाला घेता येत नाही आक्का, तिच्या मागे मग लागावा लागतो, नाहीतर ओळ लटकती राहते. तिचा मग कोण?

"तिला मग न्हाय," मी म्हटलं. "तितंच थांबा."

याला कुणी न्याय म्हणू नये. रान काकाचंच राहिलं, तंबाखू त्याच्याच नावाने वखारीला गेली, त्या संध्याकाळी मला घरात कुणी जेवायला वाढलं नाही आणि मी दुसऱ्या दिवशी गाडी करून सासरी निघाले. आक्काला काही मिळालं नाही. ती असती तर म्हणाली असती, कशाला गं बैल दमवलास.

पण हेळव्याने ते म्हटलं. आज्जाचं नाव घेतलं, त्याला बारीक 'न' लावला, आणि म्हणाला, मगळु. सवयीने त्याने पुढचा श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि मिटलं. विहिरीवरच्या बाईने दगडावर उचललेलं लुगडं खाली आपटलं नाही, हातात धरून ठेवलं. सगळ्या बायका पुढचं ऐकायला थांबल्या होत्या. पुढे मग नव्हतं.